जाऊबाईंचे दात

दात माझे गेले आणि राग मात्र मला जाऊबाईंचा आला. हे एवढं एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं. 'आंटी, तुमच्या आजाराबद्दल लिहा, बायकांना उपयोग होईल,' असं आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई सारख्या म्हणतात. लिहिते. पण आजाराबद्दल खरं लिहायचं तर मत्सराबद्दलही लिहावं लागेल. तो वगळून मला माझा आजार सांगताच येत नाही.

मी विमल. जबलपूरच्या सरकारी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, हिंदीतून. घरी मराठी. सासरे भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत आले, माझे यजमानही फॅक्टरीतूनच निवृत्त झाले. मदन महल स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि चार घरं सोडून मोठ्या जाऊबाईंचं. त्यांचं नाव यशोदाबाई, मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. मोठे दीर गेले तेव्हापासून त्या मुलाजवळ राहतात. तो रिछाईच्या एका कारखान्यात आहे, सकाळी गेला की संध्याकाळीच घरी येतो.

बाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. मी सदुसष्टची होते तेव्हा त्या पंच्याहत्तरच्या, आणि त्यांच्या तोंडात सगळे दात होते. पांढरेशुभ्र नव्हेत, जरा तांबूसच, पण असे घट्ट की उसाचं कांडं त्या दातांनीच सोलायच्या.

डबी

लग्न होऊन आले तेव्हा मी वीस वर्षांची. पहिल्याच महिन्यात दाढ दुखायला लागली. नव्या घरात कोणाला सांगायची सोय नव्हती. बाईंनी गालावरचा हात पाहिला आणि मला मागच्या न्हाणीजवळ नेलं. पदराच्या गाठीतून एक लहानशी डबी काढली. आत काळपट, ओलसर गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा तो लगदा आमच्याकडे पुष्कळ बायका दातांना घासतात.

"घास थोडी. पाह्य कशी थंड होते," त्या म्हणाल्या.

डोकं गरगरलं, पण दाढ खरंच गप्प झाली. मग ते रोजचंच झालं. दुपारची भांडी आटोपली की आम्ही दोघी न्हाणीजवळ बसायचो. सासूबाईंच्या डोळ्यांआड तेवढा अर्धा तास आमचा असायचा. बाईंनी मला त्या घरात सांभाळून घेतलं ते त्या अर्ध्या तासात. हे मला नाकारता येत नाही.

पुढे नोकरी लागली, तेव्हा डबी पर्समध्ये गेली. वर्गात मुलांना तंबाखूचे तोटे सांगायचे आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे जाऊन बोट तोंडात घालायचं. लग्नापासून सत्तेचाळीस वर्षं मी गुडाखू घासली. यजमानांना माहीत होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

पेरूची फोड

हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, तिखट झोंबायचं. त्यात साखरेचा आजार. दोन वर्षं मी लवंग, तुरटीचं पाणी असलं काहीबाही करत राहिले. दवाखान्यात तोंड उघडलं की डबीही उघडी पडणार, ही भीती. मास्तरीणबाई आणि गुडाखू!

एका दुपारी पेरूची फोड खाताना काहीतरी कडक लागलं. बी म्हणून हातावर थुंकले, तर दात होता. माझा समोरचा दात, मुळासकट, आणि जराही दुखलं नव्हतं. यजमान समोर बसले होते. ते उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चल आता. आज मी ऐकणार नाही."

डेंटल कॉलेजच्या दवाखान्यात लांबलचक बाकं होती. डॉक्टर मुलगी माझ्या धाकट्या विद्यार्थिनीसारखी दिसत होती. मी दातांबद्दल बोलत होते आणि ती दातांकडे बघतच नव्हती. ओठाच्या आत, गालाच्या बाजूला बघत होती. तिने दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. तेही तिथेच बघत राहिले.

"आंटी, यह सफ़ेद-सा कब से है?"

"कौन-सा?"

तिने आरसा दिला. सत्तेचाळीस वर्षं मी जिथे बोट फिरवलं होतं, बरोबर तिथे दुधाची साय चिकटावी तसा एक पट्टा होता.

"छोटा-सा टुकड़ा लेंगे, जाँच के लिए."

तो शब्द कोणीच उच्चारला नाही. यजमान बाहेर फाईल छातीशी धरून उभे होते. त्यांना मी म्हटलं, "तुकडा काढणार म्हणे." ते म्हणाले, "अच्छा."

दहा दिवस रिपोर्टची वाट पाहिली. ज्या माणसाला चहाची भुकटी कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं, तो रोज सकाळी चहा करून माझ्या हातात द्यायला लागला. पाणचट, अतिगोड चहा, तोही साखरेच्या बाईला. मी सगळा प्यायले.

कॅन्सर नव्हता. "पर आंटी, रास्ता उसी तरफ़ जाता है," डॉक्टर म्हणाली. डबी आजपासून बंद. दात मात्र वाचणार नाहीत, सगळे काढावे लागतील. मग लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, "घर में और कौन घिसता है? उनको भी ले आइए, एक बार देख लेते हैं."

माझ्या डोळ्यांसमोर बाई आल्या. त्या खुर्चीत बसल्या आहेत, तोंड उघडलंय, आणि ही मुलगी म्हणतेय, अरे वाह, इस उम्र में ऐसे दाँत! ज्यांनी मला सवय लावली त्यांचे दात शाबूत, आणि माझे सगळे जाणार. तो 'अरे वाह' मला ऐकवणार नव्हता.

"कोई नहीं," मी म्हटलं.

कारण एवढंच होतं. आजही दुसरं काही सापडत नाही.

बोळकं

पाऊस लागला आणि दात काढायला सुरुवात झाली. साखरेमुळे एकदम काढता येत नव्हते, चार खेपा झाल्या. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी नाही. तीन महिने मी बोळक्या तोंडाने काढले.

खिचडी, दलिया, वरणात भिजवून लगदा केलेली पोळी. जेवणात चव असते तशी चावण्यातही असते, हे दात गेल्यावर कळतं. गाल आत गेले. लग्नाच्या पत्रिका आल्या, मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. भोपाळहून नातीचा फोन आला की ती म्हणायची, "दादी, आप क्या बोल रही हो? दादाजी को दो ना." मी फोन देऊन टाकायची आणि तिकडे दोघांचं हसणं ऐकत बसायची.

सगळ्यात जास्त लागलं ते विहाराचं. आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना मी म्हणायची, वीस वर्षं. मी एक ओळ म्हणायची, सगळे मागून म्हणायचे. मास्तरीण म्हणून माझे उच्चार स्वच्छ, असं सगळे मानायचे आणि मीही मानायची. दात गेल्यावर पहिल्याच रविवारी 'सरणं'मधला 'स' शीळ वाजल्यासारखा निघून गेला. मागे दोन मुली हसल्या. वाईट मनाच्या नव्हत्या, हसू आलं त्यांना. पुढच्या रविवारी मी घरीच राहिले.

यजमान परत आले, बूट काढता काढता म्हणाले, "आज वहिनीनं म्हटली वंदना. चांगली म्हणते वं!"

बाईंना धड वाचता येत नाही. वीस वर्षं माझ्या मागे म्हणून म्हणूनच त्यांना ती पाठ झाली होती. माझी जागा, माझीच शिकवण, आणि दात त्यांचे. त्या दिवशी मी खिचडीही खाल्ली नाही.

तोवर घरात मी कडक वस्तू बंद करून टाकल्या होत्या. चिवडा नाही, भाकर नाही, शेंगदाणे नाहीत. मला खाता येत नाही तर घरात कोणी खायचं नाही, असं मी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण केलं तसंच. एका संध्याकाळी यजमान आले ते भाजलेल्या भुट्ट्याचा वास घेऊन. मिशीला काळं लागलेलं.

"कुठून आले?"

"वहिनीकडं गेलो होतो."

"काय खाल्लं?"

"काही नाही."

"दातात धागा अडकलाय भुट्ट्याचा!" मी ओरडले. बोळक्या तोंडाने ओरडलं की थुंकी उडते. ती त्यांच्या शर्टावर उडाली, आणि त्याची लाज वाटून मी आणखीच ओरडले. "त्यांच्याकडंच जेवत जा! त्यांच्याकडंच राहा!"

ते कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "तुह्यासाठी मी माहे दात पाडून घेऊ काय? सांग, उद्याच पाडतो!"

आणि ते निघून गेले. दोन तासांनी आले. कुठे होते विचारलं तर म्हणाले, स्टेशनवर, बाकावर. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्याबरोबर खिचडीच खाल्ली. मी नको म्हटलं तरी. ज्यांच्या घरात असा रोगी आहे त्यांना मी एवढंच सांगेन, तोंडाचं दुखणं एकट्याचं राहत नाही. सगळं घर त्या ताटावर जेवतं.

तिखट

कवळी आली. ती घातली की झालं असं नसतं. टोचते, जखमा करते, हसलं की सुटते. पाच-सहा वेळा घासून आणावी लागली. मी रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायची, शाळेतल्या मुलासारखी. हळूहळू 'स' परत आला. पहिली अख्खी पोळी खाल्ली त्या दिवशी यजमानांनी भोपाळला फोन करून कळवलं. विहारात जायला लागले, पण मागे बसून. पुढे बाईच होत्या आणि 'तू म्हण' असं कोणी म्हटलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी बाईंकडे जेवायला बसले होते. त्यांनी ताटातला ठेचा बोटाने बाजूला सारला. ठेच्याशिवाय घास न घेणारी बाई.

"काहून?"

"आजकाल झोंबते वं. जळजळ करते गालात."

माझं पण असंच सुरू झालं होतं. मला कळायला क्षणही लागला नाही. आणि आता जे लिहितेय ते लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. कळल्यावर पहिलं जे मनात आलं ते भय नव्हतं. मला बरं वाटलं. घ्या आता तुम्हीही, असं वाटलं.

मी म्हटलं, "गरम पडलं असेल. ताक पीत जा."

त्या ताक प्यायल्या. माझ्या सांगण्यावरून रोज, दोन-अडीच महिने.

त्या महिन्यांत मला झोप लागत होती, जेवण जात होतं. मी स्वतःला सांगत होते, खरंच उष्णता असेल. यजमान एकदा म्हणाले, "वहिनी आजकाल दही-भातच खाते, काय झालं काय मालूम." मला राग आला, की माझा दही-भात यांना कधी असा दिसला नव्हता.

मग एका रविवारी वंदना म्हणता म्हणता बाई मध्येच थांबल्या. गालावर हात ठेवून खाली बसल्या. सगळ्या माझ्याकडे वळल्या. "विमलताई, तुम्ही म्हणा ना!"

मी उठून पुढे गेले आणि म्हटली. आवाज स्वच्छ निघाला, एकही अक्षर सुटलं नाही. ज्याच्यासाठी इतके महिने आतून जळत होते ते मला मिळालं होतं, आणि माझी नजर बाईंवरून हलत नव्हती. डोळे मिटलेले, हात गालावर, ओठ माझ्या मागून हलताहेत, पण आवाज नाही.

संपल्यावर मी त्यांना दंडाला धरून मागच्या नळाजवळ नेलं.

"तोंड उघडा, बाई."

"काहून?"

"उघडा म्हणते ना!"

मोबाईलचा उजेड टाकला. त्या सगळ्या भक्कम दातांच्या पलीकडे, गालाच्या आत, पांढऱ्या पट्ट्याला लाल काठ आलेला होता. माझ्यात लाल कधीच नव्हतं.

"काय हाये?" त्यांनी विचारलं.

"उद्या दवाखान्यात जायचंय," मी म्हटलं.

कोई नहीं

तीच डॉक्टर. तिने बाईंना तपासलं, तुकडा घेतला, आणि हातमोजे काढता काढता माझ्याकडे वळली.

"आंटी, आपने तो कहा था घर में और कोई नहीं घिसता."

बाई खुर्चीतून उठत होत्या. त्यांनी ऐकलं. साठ वर्षं जबलपुरात राहिलेल्या बाईला हिंदी समजावून सांगावी लागत नाही.

रिक्षात बाईंच्या तोंडात कापूस. मग तो काढून विचारलं, "कधी इचारलं होतं त्या पोरीनं?"

"उन्हाळ्यात."

"आन् तू नाई सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

खोटं बोलायला वाव होता. विसरले म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, "तुमच्या दातांवर जळत होते, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी कोण आहे हे आठवत नसल्यासारखं पाहिलं. मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, रोको." घर अजून दोन गल्ल्या लांब होतं. त्या उतरल्या आणि फाईल काखेत धरून चालत गेल्या.

यजमानांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तू असं केलं, विमल?"

आठ दिवस बाईंचं दार मला बंद होतं. नवव्या दिवशी त्यांचा मुलगा आला. "काकू, रिपोर्ट लाना है. आई बोल रही है कि आप ही चलो, आपको वहाँ का सब पता है."

कॅन्सर होता. अगदी सुरुवातीचा. बाईंना बाहेर बसवून मी परत आत गेले आणि डॉक्टरला विचारलं, "गर्मी में ले आती तो?"

तिने चष्मा काढला, पुसला. "आंटी, यह कोई नहीं बता सकता. अब लाई हैं, यह देखिए."

हे उत्तर माझ्याजवळ तसंच आहे. कधी ते दिलासा वाटतं, कधी शिक्षा.

वही

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गालाच्या आतला भाग काढला आणि मागच्या तीन दाढा. मुलाला कामावर जावं लागे, म्हणून दिवसभर मी. सकाळी झाडूवाली, मग गुळण्या, मग नाकातल्या नळीतून दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा गुळण्या. एक केरळची सिस्टर होती, ती बाईंना रोज 'गुड मॉर्निंग, अम्मा' म्हणून वेणी घालून द्यायची. तिच्या कामात ते बसत नव्हतं, तरी घालायची.

बाईंना बोलता येत नव्हतं. मी एक वही दिली. लिहिणं त्यांना कठीण, अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी. 'पानी', 'पंखा', 'घरी कवा'. माझ्यासाठी म्हणून काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी बराच वेळ पेन्सिल घेऊन बसल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं, 'डबी मीच देली होती तुले.'

मी वही मिटली.

घरी आल्यावर त्यांचं मऊ जेवण मीच करत होते. त्यात माझ्याइतकी तयारी गल्लीत कोणाची नव्हती. जबडा आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या ठेवून तोंड उघडायचं, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. मी मोजायची, त्या डोळ्यांनी मला शिव्या द्यायच्या. बोलता यायला लागलं तेव्हा माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "मीठ कमी हाये."

माफ केलं असं त्यांनी म्हटलेलं नाही. मीही माफी मागितली नाही. मागण्याजोगी वाटली नाही.

तीन महिन्यांनी तपासायला नेलं. सगळं ठीक होतं. आणि डॉक्टर म्हणालीच, "बाकी के दाँत तो एकदम पक्के हैं, अम्मा!" इतकं सगळं होऊनही तो जुना मत्सर पुन्हा जागा झाला. या खेपेला मी लपवलं नाही. बाहेर आल्यावर सांगून टाकलं, "बाई, मला अजून जळायला होतं."

"जळ," त्या म्हणाल्या. शब्द अजून जाड येतात. "पण आता सांगून जळत जा."

गेल्या पौर्णिमेला विहारात मी बायकांसमोर उभी राहिले. तोंडाची तपासणी का करावी ते सांगितलं. आजार सांगितला, ऑपरेशन सांगितलं, पण गुडाखूचं आलं की 'काही जणी', 'आपल्यातल्या बायका' असं बोलत राहिले. शेवटी विचारलं, "इथे कोण कोण घासतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सगळ्या आपापल्या मांडीकडे बघत होत्या. मग समोरच्या सतरंजीवरून बाईंचा हात वर गेला. त्या मागे बघत नव्हत्या, माझ्याकडेच बघत होत्या, आणि हात खाली घेत नव्हत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की विचारणारी मी, आणि माझा हात खालीच आहे.

मी हात वर केला. एकतीस वर्षांची मास्तरीण, सगळ्यांसमोर. मागे एक हात वर झाला, मग दोन, मग मोजायचं भान राहिलं नाही.

आणि खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगते. त्या क्षणीसुद्धा मला चुटपूट लागली होती, की पहिला हात माझा का नाही.

मंगळवारी दवाखान्यात जायला दोन रिक्षा पुरल्या नाहीत. तिसरी करावी लागली.